दुसऱ्या पेटीसाठी वेळ ठेवा

पदविकेच्या अखेरच्या वर्षाचे प्रकल्प ठरण्याचे हे दिवस. बहुतेक ठिकाणच्या यादीत लाकडी स्पीकर असतो, आणि तो असावा असं आमचं ठाम मत आहे. विद्युत, ध्वनिशास्त्र आणि सुतारकाम तिन्ही एकाच वस्तूत येतात, आणि ती वस्तू विद्यार्थी घरी नेऊन वर्षानुवर्षं वापरतो. मात्र काम होतं ते उलट्या क्रमाने. सागाची फळी वखारीतून आधी येते, पेटीचं माप नजरेने ठरतं, रंधा आणि पॉलिश यांत महिने जातात आणि आवाज काढणारा ड्रायव्हर बसतो तो बाह्य परीक्षक येण्याच्या तोंडावर. आवाज दबका किंवा घुमणारा निघाला, तर दुरुस्तीला लाकूडही उरलेलं नसतं आणि दिवसही.

निदेशकांना आमची विनंती आहे की पहिली पेटी सत्राच्या सुरुवातीलाच, साध्या प्लायची, पॉलिशविना करून घ्यावी. ती मोजावी. चांगलं लाकूड दुसऱ्या पेटीसाठी राखावं.

आधी आकडेमोड. नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात मांडलेलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पुढे नेलेलं पेटी आणि ड्रायव्हरचं गणित आज कुणालाही उपलब्ध आहे. ड्रायव्हरचा मुक्त अनुनाद ६० हर्ट्झ, एकूण क्यू (अनुनादाची तीक्ष्णता) ०.४ आणि त्याच्या लवचिकतेइतकी लवचिक हवा ८ लिटर असेल, तर क्यू ०.७ येण्यासाठी बंद पेटी पावणेचार लिटरची लागते आणि त्यात अनुनाद १०६ हर्ट्झच्या आसपास जातो. तोच ड्रायव्हर दोन लिटरमध्ये कोंबला की अनुनाद १३४ वर चढतो आणि खालचे स्वर आणखी लवकर गळतात. हे कागदावर दोन मिनिटांत दिसतं. सागाच्या पेटीत कळायला सत्र जातं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या अनेक ड्रायव्हरांसोबत हे आकडे मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण ते काढणं हाच प्रकल्पाचा सर्वांत शिकवणारा भाग आहे. मूल्य माहीत असलेला एक रेझिस्टर, लॅपटॉपचं साउंड कार्ड आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर इम्पिडन्सचा आलेख निघतो. ड्रायव्हरच्या पडद्यावर वजन करून घेतलेली चिकणमाती चिकटवायची आणि अनुनाद किती खाली सरकतो ते पाहायचं. त्यावरून हलणारं वस्तुमान आणि पडद्याच्या व्यासावरून हवेचं ते आकारमान हाती येतं. प्रतिध्वनिरहित खोली लागत नाही, वर्गात गोंगाट असला तरी फारसं बिघडत नाही.

पेटी जोडल्यावर तोच आलेख पुन्हा काढावा. शिखर अपेक्षेच्या जागी नसेल, तर कारण शोधता येतं. सर्वांत नेहमीचं कारण आकारमानाचं. बाहेरून २० सेंटिमीटरचा घन म्हणजे ८ लिटर. १८ मिलिमीटरचा प्लाय वजा केला की आत ४.४ लिटर उरतात, आणि त्यातूनही ड्रायव्हरचं चुंबक व कोपऱ्यांतल्या पट्ट्या आपली जागा घेतात. शिखर खुजं आणि पसरट आलं, तर सांध्यातून किंवा वायरच्या भोकातून हवा गळते आहे का ते बघावं. गुण्या लावून न घेतलेल्या कडेची किंमत इथे आकड्यात दिसते.

आता लाकडाबद्दल. सागामुळे आवाजाला गोडवा आला, असं वाक्य अहवालात दिसलं की परीक्षकाने थांबून प्रश्न विचारावा. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची तबली नादासाठी घडवतो. तिने थरथरणं हेच तिचं काम. स्पीकरच्या पेटीने मात्र स्वतःचं काहीच बोलायचं नाही. सांगली-कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना मिरज हाताशी आहे. त्यांना तिथे न्यावं, तबलीवर आणि आपल्या पेटीवर बोटाने टिचकी मारून फरक ऐकवावा. पेटी मूक ठेवण्यासाठी ती जाडजूडच हवी असंही नाही. बीबीसीच्या लहानशा एलएस३/५ए मॉनिटरमध्ये पातळ बर्च प्लायला आतून कंप शोषणाऱ्या जड थराने शांत केलं होतं. त्यात सांध्याच्या पट्ट्या बीचच्या लाकडाच्या होत्या. काही पेट्यांत त्या जागी पराना पाइन आलं, तेव्हा आवाजात फरक पडला. बाहेरून कधीही न दिसणारी पट्टी! पॉलिशवर गुण देणाऱ्या आपल्या तक्त्यात अशा पट्टीला रकानाच नाही.

अस्सल लाकूड वापरायचंच असेल, आणि त्याचं सौंदर्य आम्हालाही प्रिय आहे, तर पावसाळा ध्यानात ठेवावा. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. ३० सेंटिमीटर रुंद सागाच्या फळीतला ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर ती दोनेक मिलिमीटर फुगते किंवा आकसते. चारही बाजूंच्या रेषा पेटीभोवती एकाच दिशेने फिरवल्या की सगळ्या फळ्या मिळून हलतात आणि सांधे टिकतात. समोरची फळी मात्र प्लायचीच असू द्यावी. आडव्या रेषांची अस्सल फळी तिथे फेविकॉलने पक्की केली, तर पहिल्या उन्हाळ्यात चीर पडण्याचा धोका राहतो. लाकडाऐवजी एमडीएफ घेतलं, तर ते कापताना मास्क सक्तीचा करा. त्या भुशाबाबत हयगय नको.

गणित आणि सुतारकाम एकत्र आल्याचं एक उदाहरण पाहा. अमेरिकेतला हेन्री क्लॉस हा एमआयटीचा विद्यार्थी. त्याने कमावलेल्या पैशांतून सुतारकामाची हत्यारं घेतली आणि तिथल्या एका प्राध्यापकाने व त्याच्या विद्यार्थ्याने आखलेल्या स्पीकरसाठी पेट्या बनवल्या. पुढे एडगर व्हिल्चर यांच्या वर्गात तो बसला, आणि १९५४ साली दोघांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. तिच्या पहिल्या स्पीकरने बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. व्हिल्चरांची कल्पना आणि पेटी बांधणाऱ्याचा हात एकत्र आले म्हणून हे घडलं. आपल्याकडे विद्युत विभाग आणि सुतारशाळा एकाच आवारात असतात. प्रकल्पाच्या गटात दोन्हीकडची मुलं घेण्याला कोणता नियम आड येतो?

या अंकापासून विद्यार्थ्यांच्या स्पीकरचं छायाचित्र आम्ही इम्पिडन्सच्या आलेखासह छापणार आहोत. सोबत गणिताने आलेला अनुनाद आणि मोजलेला अनुनाद, असे दोन्ही आकडे दोन्ही पेट्यांसाठी हवेत. ते जुळले नाहीत तरी जरूर पाठवा. का जुळले नाहीत हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असावं, आणि अशा लेखनाला आम्ही जास्त जागा देऊ.