ओल्या कागदाची शिस्त

आमच्या फौजेत ‘पेशन्स’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. खडकवासल्याच्या तीन वर्षांत तो भरपूर मिळाला, असं प्रत्येकाला वाटतं. ड्रिल स्क्वेअरवर ताटकळणं, रगडा सोसणं, पुढे ॲम्बुशमध्ये रात्रभर न हलता पडून राहणं. सगळं खरं. पण त्या संयमाच्या टोकाला हुकूम असतो. तो आला की आपण हलतो. हात बांधून बसायचं आणि जे होईल ते आपलं म्हणायचं, हे मला जलरंगाने शिकवलं, तेही चाळिशी उलटल्यावर, जे. पी. नगरच्या भाड्याच्या घरात.

विषय निवडला होता फॅशन पोर्ट्रेटचा: इरकल नेसलेली मॉडेल, मासिकात उभी असते तशी. माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची धरतात. फॅशनच्या चित्रात ती नऊ डोक्यांपर्यंत ताणतात, आणि बरीचशी वाढ पायांना देतात. निऱ्यांना लांबच लांब उतार मिळतो. पेन्सिलीचं काम सोपं गेलं, नकाशे काढलेला हात आहे. पाणी लागलं की मात्र त्या हाताचं कुणी ऐकत नाही.

राजस्थानात असताना रंग ब्रशमध्येच वाळायचा. बंगळूर समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटरवर, पण पावसाळ्यात हवा अशी दमट की एक थर वाळेस्तोवर दोन चहा होतात. अर्धवट वाळलेल्या थरावर थेंब पडला की पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि काठाला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षी उमटते. पुसायला जावं तर कागदाचा पोत उखडतो. माझ्या मॉडेलच्या लाल-पांढऱ्या पदरावर असंच एक फूल उमटलं. खिडकी उघडी, बाहेर पाऊस; थेंब कुठून आला यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवण्यात अर्थ नव्हता. बायको म्हणाली, “राहू दे रे, पदराला वारा लागल्यासारखा दिसतोय.” राहू दिलं.

याच शहरात १८९६ साली चर्चिल नावाचा एक तरुण घोडदळ अधिकारी आला होता. बंगळूर क्लबच्या वहीत त्याची १३ रुपयांची उधारी अजून दाखवतात. बंगालच्या दुष्काळामुळे हा माणूस मला आवडत नाही, पण उदाहरण चपखल आहे. दार्दनेल्सच्या अपयशानंतर, १९१५ मध्ये, चाळिशीत त्याने ब्रश हातात घेतला, आणि पसंत केले तैलरंग. कारण उघड आहे. तिथे खरवडता येतं, वरून दुसरा थर देता येतो. सेनापतीला साजेसं माध्यम! जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. तो आधी राखून ठेवायचा. एकदा झाकला की पूर्वीसारखा मिळत नाही.

हे राखणं काय असतं ते बघायचं तर मैसूरला जा. जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आहे. १९४० च्या दशकातलं, जलरंगातलं. हातात दिवा धरलेली, साडीतली तरुणी. मॉडेल म्हणून त्यांची मुलगीच उभी राहिली होती. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून प्रकाश लालसर होऊन पाझरतो. अनेक जण हे चित्र राजा रविवर्म्याचं समजून पाहतात. रविवर्मा १९०६ सालीच गेला, आणि त्याची ख्याती तैलरंगाची. आपल्या मराठी चित्रकाराचं नाव आपणच तिथे मोठ्याने सांगायला हवं, असं मला वाटतं.

निवृत्तीला टेकलेल्या मित्रांना ‘छंद लावून घ्या, ताण जातो’ असं हमखास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. जलरंगाने ताण जात नाही; पहिले काही महिने तो वाढतोच. आयुष्यभर हुकूम दिलेल्या माणसाला, ज्याच्यावर हुकूम चालत नाही अशा एका गोष्टीसमोर रोज तासभर बसवतो, म्हणून त्याची शिफारस करतो. घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील त्यांना हा सराव लवकर लागेल.

सुरुवातीला लाल, पिवळा, निळा एवढे तीन रंग पुरतात. कागदावर कंजुषी नको. ३०० जीएसएमचा, कॉटनचाच घ्या. आणि घरातला हेअर ड्रायर तेवढा बायकोच्या कपाटात कुलूपबंद ठेवा.