गाडी गॅसवर, काकू चुलीवर

परवा रात्री सोनपेठहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. पाऊसपाणी, कापसाचा भाव, कोणाची सोयरीक कुठे जमली हे सगळं सांगून झाल्यावर गडी हळूच मुद्द्यावर आला. "दादा, नव्या गाडीला गॅस किट बसवायलोय. पंचवीस हजार लागायलेत. उसने द्या की, तूर विकली की वापस करतो."

नवी गाडी म्हणजे सेकंडहँड ईको. आधीची ओम्नी पार झिजून गेली, तेव्हा ही घेतली. सकाळ-दुपार शाळेची पोरं, मधल्या वेळात परळी नाहीतर गंगाखेडची सवारी, लग्नसराईत वऱ्हाड, असा त्याचा धंदा. कष्टाळू पोरगा आहे. पैसे बुडवणाराही नाही.

तरी मी नाही म्हणालो.

मग जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, तिसऱ्या दिवशी आत्याचा. आत्या म्हणाली, "पैसे नसतील तर नाहीत म्हण की बाबा, पण पोराला कायदा शिकवू नको." आत्या, पैसे आहेत. कारण दुसरं आहे, आणि फोनवर मला नीट भांडता येत नाही म्हणून ते इथे लिहितोय. घरातली निम्मी मंडळी हे पान गुपचूप वाचतात हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा वाचा.

आधी एक गोष्ट साफ करतो. माझं किटशी काही वैर नाही. पेट्रोलची गाडी एलपीजीवर चालवणं ही काही जुगाडू कल्पना नाही. इटली, पोलंड, दक्षिण कोरिया या देशांत हे वर्षानुवर्षं चालू आहे. तुर्कस्तानात तर तीनातली एक मोटार गॅसवर आहे. इंजिन तेच राहतं. डिकीत जाड पोलादाची टाकी बसते, तिथून द्रवरूप गॅस पुढे येतो, रिड्यूसरमध्ये त्याची वाफ होते आणि ती इंजिनात जाते. गाडी पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की बटण दाबून गॅसवर घ्यायची. लिटरमागे ॲव्हरेज थोडं पडतं, कारण गॅसच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते, पण स्वस्ताईत ते भरून निघतं. धूरही कमी. (सीएनजी हे वेगळं प्रकरण. तो प्रचंड दाबाखाली भरतात आणि गळला तर वर उडून जातो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

आपल्याकडे २४ एप्रिल २००० पासून हे कायदेशीर आहे. किट मान्यताप्राप्त पाहिजे, आरटीओकडून आरसी बुकात नोंद पाहिजे, विमा कंपनीला कळवलं पाहिजे, टाकीची दर पाच वर्षांनी तपासणी पाहिजे. त्या टाकीला एक व्हॉल्व्ह असतो, तो ऐंशी टक्के भरली की आपोआप बंद होतो, म्हणजे उन्हात गॅस फुगला तरी जागा राहते. व्हॉल्व्हवर हवाबंद डबी असते आणि तिच्यातून एक नळी थेट गाडीबाहेर काढलेली असते, म्हणजे थोडं गळलं तरी आत बसलेल्यांच्या पायाशी जमायला नको. हे सगळं विचार करून केलेलं आहे. चांगलं आहे.

आणि सोनपेठच्या माणसाला पेट्रोल नको वाटावं यातही नवल नाही. आपला परभणी जिल्हा देशाच्या बातम्यांत फारसा कधी येत नाही, पण सप्टेंबर २०१८ मध्ये आला होता. मुंबईच्याही आधी परभणीत पेट्रोल लिटरला नव्वद रुपयांच्या पुढे गेलं आणि टीव्हीवाले नकाशात परभणी शोधायला लागले. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर येणार, त्याचं भाडं आमच्या माथी. मे २०२१ मध्ये शंभरी गाठली. ज्या भागात कमाई सगळ्यात कमी, तिथेच पेट्रोल सगळ्यात महाग. म्हणून भाऊ चिडला तर मी त्याच्या बाजूचा आहे.

पण मग गॅस कुठला भरणार? हा साधा प्रश्न मी त्याला फोनवर विचारला. गाडीचा गॅस, म्हणजे ऑटो एलपीजी, पंपावर मिळतो. तसा पंप मला सोनपेठात कधी दिसला नाही. किट विकणाऱ्याने त्याला टाकी दाखवली, स्विच दाखवला, बचतीचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. गॅस कुठे मिळेल ते मात्र सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. दोघांनाही माहीत होतं.

"सगळेच भरायलेत की दादा," एवढंच तो म्हणाला.

सगळे कसे भरतात ते मी पाहिलेलं आहे. २०११ ची दिवाळी. आम्ही चौघं रेल्वेने परळीला उतरलो, भाऊ ओम्नी घेऊन न्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या वास आला. स्वयंपाकघरात शेगडी चुकून चालू राहिली की येतो तोच. (गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. म्हणजे वास ही सूचना असते. आम्ही त्यावर काच खाली केली.) वाटेत "पाच मिनिटं हं वहिनी" म्हणून त्याने गाडी एका पत्र्याच्या शेडमागे घेतली. आत लाल सिलिंडर लोखंडी चौकटीत उलटा टांगलेला. उलटा अशासाठी की द्रव खाली उतरावा. त्याला रबरी नळी, नळीला छोटी मोटर, मोटरची वायर उघड्या बोर्डात खुपसलेली, खाली वजनकाटा. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं ते सगळं चालवत होतं. नळी काढताना फस्सकन आवाज झाला आणि पांढरा लोट जमिनीवरून पसरत गेला. त्याच जमिनीवर ती मोटर होती.

माझी दोन्ही मुलं गाडीत बसलेली होती. मी काय केलं? काही नाही. भाडं द्यायचं नव्हतं, दिवाळी होती, कोण वाईटपणा घेणार. तेव्हा शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही असं काका म्हणाले ते अर्धं खरं आहे. मी त्या गॅसवर फुकट प्रवास केलेला आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना एकामागून एक स्फोट झाले आणि शेजारी उभ्या शाळेच्या बस जळाल्या. रात्र होती म्हणून त्यात पोरं नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात भदोहीकडे गॅसवरच्या शाळेच्या व्हॅनने पेट घेतला तेव्हा पोरं आत होती. भाजली. आपल्याकडे असं काही झालं की चार दिवस धाडी पडतात, पाचव्या दिवशी शेड पुन्हा उघडते.

पण खरं सांगू का, मी नाही म्हणालो ते फक्त स्फोटाच्या भीतीने नाही. स्फोटाची भीती घातली की समोरचा म्हणतो, इतकी वर्षं काही झालं नाही. आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं ठरतं.

त्याच दिवाळीत घरी पोचलो तर काकू मागच्या अंगणात चुलीपुढे बसलेली. पऱ्हाट्या मोडून मोडून चुलीत सारत होती, डोळे लाल, पदर नाकाला. आत ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, तिच्यावर धुतलेलं फडकं झाकलेलं. मी विचारलं, गॅस? "संपलाय, नंबर लावलाय," काकू म्हणाली. आम्ही पाच दिवस राहिलो. पाचही दिवस नंबर लावलेलाच होता. करंज्या, चकल्या, सगळं चुलीवर. आम्ही शहरातली माणसं, "चुलीवरच्या भाकरीची चवच न्यारी" वगैरे म्हणत दोन-दोन जास्त खाल्ल्या. लाज वाटते आता आठवलं की.

काकूच्या नावावरचा सिलिंडर त्या ओम्नीत गेला होता. मला हे कळायला पुढची दोन वर्षं लागली.

आता हिशोब बघा, भावानेच सांगितलेला. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, म्हणजे साधारण सव्वीस लिटर. ईकोने लिटरला अकरा धरले तर एका सिलिंडरवर २८०-२८५ किलोमीटर. पेट्रोलवर तेवढंच अंतर जायला वीस लिटर, दोन हजार रुपयांच्या वर. सिलिंडर नऊशेच्या आसपास. म्हणजे सिलिंडरमागे अकराशे-बाराशे वाचले. महिन्याला गाडी दोन हजार किलोमीटर फिरली तर सात सिलिंडर लागतात. सात! एका घराला वर्षाला किती मिळतात, आणि हा सात महिन्याला कुठून आणणार? काकूचा एक. उरलेले गल्लीतून. ज्या घरात भरलेला सिलिंडर परवडत नाही त्या घरातून. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये आली ती बायकांच्या डोळ्यातला धूर जावा म्हणून. बाईच्या नावावर कनेक्शन, सबसिडी तिच्या खात्यात. आणि सिलिंडर दारात आला की घरचा पुरुष वर शंभर-दोनशे घेऊन तो गाडीवाल्याला देतो. कागदावर त्या घरात गॅस आहे. त्या घरातली बाई सरपण गोळा करते आहे.

ही बचत कुठून आली मग? किटमधून नाही आली. तो पैसा काकूसारख्या बायकांच्या छातीतून काढलेला आहे. काकू आता सत्तरीला आली, जिना चढवत नाही, पंप तोंडाशी धरून श्वास घेते. अंबाजोगाईला दाखवलं तेव्हा डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, चुलीपुढे किती वर्षं बसलात?

सरकारला मी सोडत नाही. घरगुती गॅसवर जीएसटी पाच टक्के आणि गाडीच्या गॅसवर अठरा. एकच माल, दोन भाव, वर गाडीचा गॅस तालुक्यात मिळायची सोय नाही. किट बसवायला परवानगी द्यायची आणि भरायला जागा द्यायची नाही, म्हणजे शेडवाल्याचं दुकान सरकारनेच उघडून दिलं म्हणायचं. २००० सालचा आदेश सांगतो की घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय वापरायचा नाही, आणि जीवनावश्यक वस्तू कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. धाड पडते तेव्हा चार रिकामे सिलिंडर, एक मोटर आणि ते पंधरा वर्षांचं पोरगं एवढंच हाती लागतं.

आणि पालक? त्यांनाही सगळं माहीत असतं. "व्हॅनवाला भाडं वाढवायला लागला तर दुसरा बघू." शंभर रुपये वाचवायला आपलंच लेकरू गॅसच्या टाकीवर बसवून पाठवतात आणि वर "काळजी घ्या हं काका" म्हणतात. एकदा मागच्या सीटखाली वाकून बघा तरी. टाकीवर तपासणीची तारीख आहे का, नळी बाहेर काढली आहे का, की सरळ स्वयंपाकघरातला लाल सिलिंडरच आडवा टाकलाय!

भाऊ म्हणेल, तुमचं पुण्यात बरं आहे, सीएनजीचे पंप आहेत. बरोबर आहे. तिथे पंप असता तर मी उसने कशाला, पंचवीस हजार तसेच दिले असते आणि आरटीओत तुझ्याबरोबर रांगेतही उभा राहिलो असतो. जिथे पंप आहे तिथे किट बसवा, खुशाल बसवा. जिथे नाही तिथे किट बसवणं म्हणजे त्या शेडशी लग्न लावणं आहे. तोपर्यंत पेट्रोलवर चालव आणि भाडं वाढव. दहा पालक सोडून जातील, जाऊ देत.

काल काकांशी पुन्हा बोललो. ते म्हणाले, "तू काकूची एवढी बाजू घेतोस, तिला विचारलंस का?" मी म्हणालो, द्या फोन. काकूने सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा खोकली. मग म्हणाली, "पोराचा धंदा आहे रे. मला काय, चुलीची सवय आहे."

यावर काय बोलणार... मी एवढंच म्हणालो की पैसे पाठवतो, पण किटसाठी नाही. काकूच्या नावावर दुसरा सिलिंडर घ्या, वर्षभर भरायचे पैसेही मी देतो. अट एकच, दोन्ही सिलिंडर घराबाहेर जायचे नाहीत, आणि हे भावाने मला फोनवर स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं.

अजून त्याचा फोन आलेला नाही.