दाखला वेळेत का मिळत नाही? सेवा हक्क कायद्याचं घड्याळ कधी सुरू होतं?

दहावी-बारावीचा निकाल लागला की सावद्यात दाखल्यांची धावपळ सुरू होते. जन्माचा दाखला नगरपरिषदेत, उत्पन्नाचा रावेर तहसीलमध्ये आणि जातीचा फैजपूरच्या प्रांत कार्यालयात. ‘दोन दिवसांनी या’ हे उत्तर कुणालाच नवं नाही. मग प्रशासकीय सुधारणांचा फायदा नेमका काय झाला?

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा पात्र नागरिकाचा हक्क आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल आणि जबाबदार अधिकारी कोण, हे कार्यालयात फलकावर लिहिणं बंधनकारक आहे. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवरूनही करता येतो. मुदत चुकली तर दोन अपिलं वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडे करता येतं. पुरेसं कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

मग अडतं कुठे?

मुदत मोजायची तर अर्ज कधी दिला याचा पुरावा हवा. म्हणजे अर्ज क्रमांक असलेली पोच. अर्ज तोंडी परत पाठवला, ‘एक कागद कमी आहे’ म्हणून नोंदच केली नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही. कागदोपत्री उशीरही दिसत नाही.

दुसरी अडचण अपिलाची. ते नागरिकानेच करायचं असतं. पहिल्या अपिलाच्या निकालालाच ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. कॉलेजचा प्रवेश तेवढा थांबत नाही. त्यामुळे बहुतेकांना अपिलापेक्षा आणखी एक चक्कर सोपी वाटते. हरियाणाने यावर २०२१ मध्ये वेगळा मार्ग काढला. तिथे मुदत संपली की अपील संगणकावरून आपोआप वर जातं.

गुण कशाला?

२०२५ मध्ये राज्य सरकारने कार्यालयांसाठी १०० दिवसांची मोहीम राबवली. वेबसाइट, स्वच्छता, तक्रार निवारण अशा मुद्द्यांवर गुण दिले आणि १ मे रोजी निकाल जाहीर केला. स्वच्छ कार्यालय हवंच. पण खिडकीवर उभ्या माणसासाठी खरा निकाल एकच: दाखला मुदतीत मिळाला का?

तुम्ही काय कराल?

निकालाची वाट न पाहता आधीच अर्ज करा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. फलकावरची मुदत आणि अधिकाऱ्याचं पद यांचा फोटो काढून ठेवा.