पटावरचे मूल, गावची शाळा

वऱ्हाडातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. उर्वरित महाराष्ट्रात त्या आधीच भरलेल्या असतात. उन्हाने दिलेला हा अवधी अमरावती-अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी एकाच कामास द्यावा : सहा वर्षांचे प्रत्येक मूल गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर येईल, असे पाहावे.

निकड उघड आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. कारण गुणवत्तेचे सांगितले गेले; डोळा खर्चावर होता, असे आमचे मत आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या एखाद्या ढाण्यावरील कोरकू मुलीने नाले तुडुंब वाहत असता परगावी शिकावयास जावे कसे? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियम शासनाचाच आहे. शिवाय तेथील पट घटतो, तो कित्येकदा मजुरीस निघालेल्या आईबापांमागे मुलेही परमुलखी जातात म्हणून. १९३२ साली पंजाबरावांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली ती शेतकऱ्यांची मुले शिकावीत म्हणून. त्याच जिल्ह्यात आज दोन खोल्या व दोन शिक्षक यांचा हिशेब मागितला जावा!

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तिनेच करावयाचा असतो. पुष्कळ गावी ती सह्यांपुरती उरते. तेव्हा शाळा उघडण्यापूर्वी तिची सभा बोलवावी, रिक्त शिक्षकपदे व गळकी छपरे लिहून घ्यावीत आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडावा. त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घेण्यास विसरू नये.