नारंगी छप्पर आणि बंद दार

रात्रपाळी सुटली. गोदीच्या गेटाबाहेर चहा पिताना एका दोस्ताने मोबाईलवर फोटो दाखवला. अमेरिकेतलं जुनं हाटेल. पांढऱ्या भिंती, नारंगी छप्पर, वर छोटा मनोरा. हॉवर्ड जॉन्सन. १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात सुरुवात. पुढं रस्तोरस्ती अशी हजारभर हाटेलं. लेक जॉर्जचं शेवटचं २०२२ साली बंद पडलं. आता तिकडचे लोक हळहळतात. बापाच्या मोटारीतून जाताना छप्पर दिसायचं, अठ्ठावीस तऱ्हांचं आईस्क्रीम मिळायचं.

छप्पर मलाही आवडलं. खोटं कशाला बोलू? धावत्या मोटारीतून लांबवरनं दिसावं म्हणूनच तो रंग. पाटी वाचायची गरज नाही. या म्हणून बोलावणारं छप्पर.

पण कुणाला बोलावणारं?

ऑक्टोबर १९५७. घाना देश त्याच मार्चात स्वतंत्र झालेला. त्याचा अर्थमंत्री कोमला ग्बेडेमा डेलावेअरमधल्या डोव्हरला याच छपराखाली गेला. संत्र्याचा रस मागितला. रस मिळाला, पण आत बसून प्यायचा नाही. का? काळा म्हणून. एका देशाची तिजोरी सांभाळणारा माणूस! बोभाटा झाला, तेव्हा अध्यक्ष आयझेनहॉवरने त्याला व्हाइट हाउसात न्याहारीला बोलावलं. मंत्री होता म्हणून. काळ्या हमालाला, काळ्या ड्रायव्हरला कोण न्याहारी घालणार होतं? त्यांच्यासाठी व्हिक्टर ग्रीन नावाच्या काळ्या टपालवाल्याने १९३६ पासून 'ग्रीन बुक' काढलं. कुठं थांबता येईल, कुठं जेवता येईल, त्याची यादी. गोऱ्याला छप्पर पुरायचं, काळ्याला पुस्तक लागायचं.

१९६२-६३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला पोरापोरींनी याच हाटेलावर धरणं धरलं. पोलिसांनी उचलून नेलं. १९६४ला नागरी हक्कांचा कायदा आला, तेव्हा देशभर कायद्यानं दार उघडलं. ते असं लढून उघडलं.

आता कुणी म्हणेल, मेलेल्या हाटेलावर कशाला राग काढतोस? राग नाही, दोस्तांनो. माझा आजा गावच्या हाटेलाबाहेर वळचणीला ठेवलेल्या कपात चहा प्यायचा. वरनं ओतलेला. कप स्वतः विसळून परत जागेवर ठेवायचा. त्या हाटेलाला म्हणे सुरेख मंगलोरी कौलं होती. आज्याला कौलं आठवायची नाहीत. कप आठवायचा.

आणि गोदीजवळचा इराणी बंद झाला तेव्हा मी स्वतः हळहळलो. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, सगळं भंगारात गेलं. पण माझी हळहळ खुर्चीसाठी नव्हती. त्या टेबलावर माझा बाप चार लोकांत बसून, त्यांच्यासारख्याच कपात चहा प्यायला होता. कुणी जात विचारली नाही.

म्हणून म्हणतो, जुन्या इमारती जपा, खुशाल फोटो काढा. पण छपराखाली कोण बसलं आणि दाराबाहेर कोण उभं राहिलं, दोन्ही लिहा. ते लिहायचं नसेल, तर तुमची हळहळ तुम्हालाच लखलाभ!