लोणचे बरणीत मुरते, व्हिस्की बाटलीत नाही

साठी, निवृत्ती, मुलीचे लग्न, बायपासनंतरचा पहिला वाढदिवस. निमित्त कोणतेही असो, परदेशातून आलेला भाचा किंवा जुना मित्र हल्ली मिठाईच्या जोडीला एक जड खोका पुढे करतो. आत मखमल, मखमलीत स्कॉचची बाटली, सोबत क्रमांक टाकलेले प्रमाणपत्र आणि लेबलवर ठळक आकडा : १८, २१, क्वचित ३०. देणारा सांगतो, ‘‘काका, ही पिण्याची नाही हं, संग्रहात ठेवायची आहे.’’ आणि लगेच पुढे, ‘‘पण उघडाल तेव्हा मला नक्की बोलवा.’’

या दोन वाक्यांमधला गोंधळ दवाखान्यात माझ्यापर्यंत पोहोचतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे गृहस्थ विचारतात, ‘‘डॉक्टर, एवढी जुनी आहे, म्हणजे ही बाधणार नाही ना?’’ दुसरे कोणी सांगतात, ‘‘वडिलांच्या वेळची बाटली आहे, आता किती मुरली असेल!’’ दोन्ही प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्रात आहेत. तिथून सुरुवात केली, की अशा भेटीचे काय करायचे हे ठरवणे बरेच सोपे जाते.

भट्टीतून निघालेली ताजी व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. तिला रंग आणि बराचसा स्वाद देते ते ओकचे पिंप. आतून जाळलेल्या लाकडातला कोळसा गंधकाची उग्र संयुगे शोषून घेतो, लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलासारखा वास येतो, टॅनिन उतरते. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आत शिरते आणि प्राणवायूमुळे नवी सुगंधी संयुगे तयार होतात. त्याच छिद्रांतून थोडा मद्यार्क आणि पाणी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंड हवेत हे प्रमाण वर्षाला साधारण दोन टक्के असते आणि तिथले लोक त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. (आपल्या गोव्यातही सिंगल माल्ट बनते. तिथल्या उकाड्यात देवदूत कितीतरी पटींनी जास्त पितात. म्हणूनच तिथली पाच-सहा वर्षांची व्हिस्कीही चांगलीच मुरलेली असते.) कायद्याने स्कॉच किमान तीन वर्षे स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात राहावी लागते आणि तिच्यात किमान ४० टक्के मद्यार्क असावा लागतो. लेबलवरचे वय हे मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीने पिंपात काढलेल्या वर्षांचे असते. गडद रंगावरून मात्र वय ओळखायला जाऊ नये, कारण कायद्याने स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे.

पिंपातून काचेत आल्यावर हे सगळे थांबते. काच काही देत नाही, काही घेत नाही. १९८५ साली बाटलीत भरलेली १२ वर्षांची व्हिस्की आजही १२ वर्षांचीच आहे. आपल्याकडे लोणचे बरणीत मुरते, त्यामुळे व्हिस्कीही बाटलीत मुरत असेल असे वाटणे साहजिक आहे. पण वडिलांच्या वेळची ती बाटली मुरलेली नाही, फक्त दुर्मीळ झाली आहे.

आणि किंमत येते ती या दुर्मीळपणामुळे. १९२६ साली गाळलेली मॅकॅलन ६० वर्षे एका पिंपात राहिली आणि १९८६ मध्ये तिच्या जेमतेम ४० बाटल्या भरल्या गेल्या. त्यातली एक नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सॉदबीज लिलावात २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. एवढा पैसा असला, की खोटा मालही पाठोपाठ येतो. तो पकडण्याची रीत मात्र फार सुंदर आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बन-१४चे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. पुढे उघड्यावरच्या चाचण्या थांबल्या आणि ते हळूहळू उतरत गेले. सातूचे पीक ज्या वर्षी वाढते, त्या वर्षीच्या हवेतला कार्बन त्याच्या दाण्यात येतो आणि दाण्यातून मद्यार्कात. म्हणजे व्हिस्कीच्या प्रत्येक थेंबात तिच्या पिकाच्या वर्षाची खूण असते. ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइड इथल्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये ५५ दुर्मीळ बाटल्या अशा तपासल्या. त्यातल्या २१ एकतर साफ बनावट होत्या किंवा सांगितलेल्या वर्षी गाळलेल्या नव्हत्या.

त्याच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका चिनी लेखकाने १८७८ सालच्या समजल्या जाणाऱ्या मॅकॅलनच्या एका पेगसाठी सुमारे दहा हजार फ्रँक मोजले होते. नंतर ऑक्सफर्डमध्ये चाचणी झाली, तेव्हा ती व्हिस्की बहुधा १९७० ते १९७२च्या दरम्यानची निघाली. हॉटेलने सगळे पैसे परत केले. हॉटेलवाल्यांची फसवणूक करायची इच्छा नव्हती, त्यांनाही ती खरीच वाटत होती. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. खरे काय ते नुसती चव घेऊन कळले नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागली. अशा बाटलीत माणूस बऱ्याच अंशी गोष्ट पीत असतो.

यकृताला मात्र ती गोष्ट ऐकू येत नाही. ऊसगाळणीतला स्वस्त मद्यार्क असो की पिंपात २१ वर्षे काढलेला, रेणू इथेनॉलचाच. त्याचे यकृतात अ‍ॅसिटाल्डिहाइड होते. ते पेशींतल्या डीएनएला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटातले, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले द्रव्य ठरवले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन अशा सात ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केले, की मद्याची अमुक मात्रा सुरक्षित असे म्हणता येत नाही. ओकमधून उतरणाऱ्या एलॅजिक आम्लाचे गुण सांगणारे लेख फिरत असतात. डाळिंबातही ते द्रव्य मिळते आणि डाळिंबाने कुणाचे यकृत सुजत नाही.

हिशेबही बघू. ७०० मिलिलिटरच्या बाटलीत ४० टक्क्यांनी २८० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर म्हणजे एक युनिट, म्हणजे ही २८ युनिटे झाली. तिथल्या आरोग्य विभागाचा पिणाऱ्यांना सल्ला आठवड्याला १४ युनिटांपेक्षा अधिक नको असा आहे, आणि तीही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून. खास बाटली म्हणून चौघांनी ती एका संध्याकाळी संपवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सात युनिटे आली. यकृत तासाला साधारण एक युनिट निपटते. रात्री बाराला शेवटचा घोट घेतलेला माणूस भल्या पहाटे गाडी काढतो, तेव्हा रक्तात काय उरले असेल ते ज्याने त्याने ताडावे. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर मद्यामुळे साखर एकदम उतरू शकते, झोपेच्या गोळीबरोबर श्वास मंदावू शकतो. या गोष्टी खोक्यातल्या प्रमाणपत्रावर लिहिलेल्या नसतात.

तरीही माझी खरी तक्रार बाटलीबद्दल नाही, ‘उघडाल तेव्हा बोलवा’बद्दल आहे. साधी बाटली नाकारता येते. संग्राह्य बाटलीसमोर मात्र नाही म्हणणे म्हणजे देणाऱ्याचा, त्याच्या प्रवासाचा, त्याने मोजलेल्या पैशांचा अपमान, असे वातावरण तयार होते. ‘‘ही काय नेहमीची दारू आहे का?’’ या एका वाक्याने कित्येकांचा संयम सुटतो. ज्याने कष्टाने सोडली आहे, त्याच्यासाठी तर हे वाक्य फार महाग पडते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेव्हापासून आजवर महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी हा लढा जवळून पाहिला आहे. सोडलेल्या माणसाचा मेंदू बाटलीचा आकार, ग्लासातल्या बर्फाचा आवाज, बूच काढतानाचा वास विसरलेला नसतो. नुसती खूण दिसली तरी ओढ जागी होते, वर्षे लोटली तरीही. अशा घरात दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात, दिव्याखाली, बाटली मांडून ठेवणे ही शोभा नव्हे. ती रोजची परीक्षा आहे.

अडचण अशी, की देणाऱ्याला बहुतेक वेळा हे ठाऊकच नसते. आपल्याकडे सोडलेली माणसे ते गावभर सांगत नाहीत. म्हणून विमानतळावरच्या दुकानात हात पुढे करण्याआधी घरी एक फोन करावा, काकांना नव्हे, काकूंना. आणि ज्यांना भेट मिळाली आहे त्यांनी खुशाल सांगावे, ‘‘सुंदर आहे, पण आमच्याकडे चालत नाही, तूच घेऊन जा.’’ यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. कारण विचारले तरी ते सांगायला कोणीही बांधील नाही.

ज्यांच्या घरी असा प्रश्न नाही, त्यांनी बाटली बंद ठेवून जपली तर त्यात मला काही गैर वाटत नाही. लोक घड्याळे जमवतात, नाणी जमवतात. बंद बाटलीने कुणाचे यकृत बिघडत नाही. उघडण्याची घाईही नाही, कारण आत काही मुरत नाहीये. फक्त ती वाइनसारखी आडवी ठेवू नये. ४० टक्के मद्यार्क बूच खातो. बाटली उभी, अंधारात, स्वयंपाकघराच्या उष्णतेपासून दूर असावी. ‘पुढे चांगला भाव येईल’ हा हिशेब मात्र आपल्याकडे चालत नाही. एडिंबरा-लंडनला लिलाव होतात, पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणे हा गुन्हा आहे. इथे बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो. एकेकाळी मुंबई राज्यात, आणि गुजरातेत आजही, अशा परवान्याला ‘हेल्थ परमिट’ म्हणतात, हे आरोग्याच्या सदरात नमूद करायला हरकत नाही.

एक धोका मात्र फारसा कुणी सांगत नाही. कित्येक महागड्या भेटींबरोबर जड, लखलखीत क्रिस्टलचा डिकँटर येतो. पारंपरिक क्रिस्टलमध्ये शिसे असते, साधारण २४ ते ३२ टक्के लेड ऑक्साइड. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याची मोजमापे दिली. अशा डिकँटरमध्ये चार महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये लिटरला दोन ते पाच हजार मायक्रोग्रॅम शिसे उतरले होते आणि पाच वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या ब्रँडीत वीस हजारांच्या वर. पिण्याच्या पाण्यासाठी आपली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. शिसे हाडांत साठते, रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडांना इजा करते. तेव्हा शोभेसाठी व्हिस्की त्यात भरून वर्षानुवर्षे ठेवू नये, आणि जुन्या घरातल्या डिकँटरमध्ये कित्येक वर्षे पडून राहिलेली असेल, तर ती किती का दुर्मीळ असेना, पिऊ नये. रिकामा डिकँटर दिसायला छान दिसतो, त्यात निशिगंधाच्या दोन-तीन काड्या सहज राहतात.