भाग काढा, पण कारण सांगा

प्रति,
मा. सचिव, माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली
तसेच सर्व बालवाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख

विषय : मुलांच्या कार्टून मालिकांचे भाग मागे घेण्याबाबत पालक संघटनेच्या मागण्या

महोदय / महोदया,

मुलांना आवडत्या मालिकेचे भाग तोंडपाठ असतात. एखादा गळाला की आधी त्यांनाच कळते. "तो भाग आता का लागत नाही?" असे जेवताना विचारले की आमच्यापाशी उत्तर नसते, कारण वाहिनीने काहीच सांगितलेले नसते. काही भाग काढलेच पाहिजेत, हे आम्हाला मान्य आहे. मात्र काढण्याची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांवरचे उपायही.

आरोग्य : १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये टीव्ही टोकियोवर 'पोकेमॉन'चा एक भाग लागला. पिकाचूच्या विजेने क्षेपणास्त्रे फुटतात त्या दृश्यात पडदा काही सेकंद लाल-निळा, लाल-निळा लखलखत राहिला, सेकंदाला सुमारे १२ वेळा. मुलांना मळमळले, चक्कर आली, काहींना झटके आले. ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत बहुतेक मुलेच होती. मालिका चार महिने थांबली आणि तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही. एप्रिल १९९८ मध्ये तिथल्या प्रसारकांनी अशा लखलखाटावर मर्यादा घातली.

स्थानिक धोका : ब्रिटनच्या 'पेपा पिग'मधला एक भाग कोळ्याला भिऊ नये असे सांगतो. ऑस्ट्रेलियात घराच्या आसपासही विषारी कोळी असतात, म्हणून तिथल्या एबीसीने २०१२ साली तो भाग बाजूला ठेवला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या शेजारी राहणाऱ्या आमच्या गावांना हे वेगळे समजावून द्यायला नको.

अवमान : २०२० मध्ये एबीसीनेच 'ब्लूई'चे दोन भाग मागे घेतले. त्यांतला खेळकर वाटणारा एक शब्द मूळनिवासींना हिणवण्यासाठी वापरला जात असे, हे एका प्रेक्षकाने लक्षात आणून दिले. शब्द बदलला गेला आणि भाग परत आले.

वागणुकीवरचा आक्षेप : २००८ मध्ये भारतात 'शिन-चॅन' ही अख्खी मालिकाच बंद झाली. त्या पोराचा उद्धटपणा अनेक पालकांना खटकला होता. पुढे काटछाट होऊन मालिका परतली. हेच आधी करता आले असते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. भाग मागे घेतल्यापासून ७ दिवसांत त्याचे नाव आणि कारण वाहिनीने जाहीर करावे. मालिका मराठीत दिसत असेल तर मराठीतही.

२. मुलांच्या प्रत्येक कार्यक्रमाची लखलखाटासाठी प्रसारणापूर्वी तपासणी सक्तीची करावी. तीत नापास झालेले दृश्य कोणत्याही भाषेत दाखवू नये.

३. परदेशी मालिका डब करताना साप, विंचू, वीज आणि पाणी यांविषयीचे प्रसंग इथल्या डॉक्टरांना व शिक्षकांना आधी दाखवावेत.

४. आक्षेप एखाद्या शब्दाला किंवा दृश्याला असेल तर तेवढेच दुरुस्त करून भाग परत आणावा. एका भागापायी मालिका बंद करू नये.

५. केबल टीव्ही नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा आहे. तक्रार कुठे करायची, हे बालकार्यक्रमांच्या वेळी पडद्यावर ठळकपणे दाखवावे.

६. मागे घेतलेला मूळ भाग नष्ट न करता अभ्यासकांसाठी जपून ठेवावा.

कोळ्याला हात का लावायचा नाही, एखादा शब्द दुसऱ्याला का टोचतो, हे सहा वर्षांच्या मुलालाही समजते. ते आम्ही घरी समजावून सांगू. कारण तेवढे आमच्यापर्यंत पोचू द्या.

या मागण्यांवर ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
पालक संघटना